मृग लागतो तेव्हा मृग कुठे असतो? नागपूरच्या गच्चीवरून आकाश पाहताना

जूनची ७ किंवा ८ तारीख आली की विदर्भात एकच चौकशी सुरू होते: मृग लागला का? मान वर केलेला प्रत्येक जण ढग शोधत असतो. पण त्या रात्री कोणी मृगाचे तारे शोधायला गच्चीवर गेला, तर आभाळ निरभ्र असूनही ते त्याला सापडणार नाहीत. आणि डिसेंबरात, पावसाचा पत्ता नसताना, हाच मृग रात्रभर आकाशात ठाण मांडून असतो. असं उलटं का, एवढं एक नीट कळलं की हौशी आकाशनिरीक्षणातलं निम्मं गणित सुटलं म्हणून समजा. उरलेलं निम्मं नागपूरच्या हवेचं आणि दिव्यांचं.

मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. आपण सूर्याकडे पाहिलं, तर त्याच दिशेला, त्याच्या कितीतरी मागे, मृगाचे तारे असतात. ते सूर्याच्या संगतीने उगवतात, दिवसभर आकाशात असतात आणि त्याच्याच संगतीने मावळतात. उजेडापुढे त्यांचं काही चालत नाही, इतकंच. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला पोचते, तेव्हा सूर्य एका बाजूला आणि मृग बरोबर दुसऱ्या बाजूला. म्हणून डिसेंबरात सूर्य मावळला की मृग उगवतो.

सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे २७ भाग केले, की एकेका नक्षत्राच्या वाट्याला साधारण साडेतेरा दिवस येतात. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असं करत हस्त-चित्रा-स्वातीपर्यंतची शेतकऱ्यांच्या तोंडची पावसाची यादी म्हणजे सूर्य कुठवर आला याची नोंद आहे. नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, हा भाग मी बाजूला ठेवतो. त्याला ताऱ्यांचा काही आधार नाही. सूर्याच्या जागेचा हिशेब मात्र चोख आहे. आणि तो न दिसणाऱ्या ताऱ्यांवरून बसवलेला आहे, हे विशेष. सूर्याच्या उजेडात दडलेलं नक्षत्र कोणतं, हे पहाटे त्याच्याआधी काय उगवलं आणि संध्याकाळी त्याच्यामागे काय मावळलं, यावरून ओळखावं लागतं.

चार मिनिटांचा हिशेब

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी करते. शाळेत २४ तास शिकवतात, तेही खोटं नाही. कोणाच्या संदर्भाने मोजता, यावर ते ठरतं. एक फेरी होईतो पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. त्यामुळे सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी एक अंश वळावं लागतं आणि त्याला चार मिनिटं लागतात. तारे इतक्या लांब आहेत की त्यांच्या बाबतीत या सरकण्याने काही फरक पडत नाही. आपलं घड्याळ सूर्यावर लावलेलं, म्हणून आपल्याला दिसतं ते असं: प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो.

रोजची चार मिनिटं म्हणजे महिन्याचे दोन तास आणि वर्षाचे चोवीस. १५ नोव्हेंबरला रात्री १२ वाजता जे आकाश दिसतं, तेच १५ डिसेंबरला १० वाजता आणि १५ जानेवारीला ८ वाजता. हिवाळ्याचं आकाश, उन्हाळ्याचं आकाश असं आपण म्हणतो, ते खरं तर जेवणं आटोपल्यावरच्या वेळेचं आकाश असतं. ज्याची जागायची तयारी आहे त्याला ऋतूची वाट पाहावी लागत नाही. दोन तास थांबला, की तो महिनाभर पुढे गेलेला असतो.

म्हणूनच वर्षातली एकच रात्र निवडायला सांगितली, तर मी महाशिवरात्र निवडेन. माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे चंद्र उगवतो तो थेट पहाटे आणि तोही कोरीएवढा. थंडी ओसरलेली, ढग सहसा नाहीत, आणि जागरणाला घरातून कोणी नाही म्हणत नाही. फेब्रुवारीअखेरच्या शिवरात्रीला साडेसातच्या सुमारास मृग दक्षिणेला अगदी उंचावर असतो: चार कोपऱ्यांचे चार तारे आणि मधोमध एका रेषेतला तीन ताऱ्यांचा बाण. ही रेषा खाली डावीकडे वाढवा, की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. साडेआठपर्यंत त्याच्या बरंच खाली, दक्षिण क्षितिजाजवळ अगस्त्य दिसतो. तेजात त्याचा नंबर दुसरा. पहिला आणि दुसरा एकाच वेळी एकाखाली एक पाहायला मिळणं दिल्लीकरांना जडच जातं, कारण तिथे अगस्त्य क्षितिजाला टेकलेलाच असतो. मध्यरात्री मघा डोक्याजवळ येते. एकच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी पुरते वर आलेले असतात. पूर्वेला स्वाती आणि चित्रा, आग्नेयेला वृश्चिक वर येऊ लागतो. अडीचच्या आसपास दक्षिणेला त्रिशंकूचे चार तारे. पहाटे साडेचारला आग्नेयेला वृश्चिक आणि धनू, आणि त्यांच्यामधून जाणारा आकाशगंगेचा जाड पट्टा. जे नेहमीच्या वेळी जुलै-ऑगस्टात दिसलं असतं (म्हणजे दिसलं नसतं, ढगांमुळे), ते शिवरात्रीच्या पहाटे मिळतं.

जगभरचे हौशी निरीक्षक याच दिवसांत, मार्चच्या अमावस्येच्या आगेमागे, ‘मेसिए मॅरेथॉन’ करतात. शार्ल मेसिए या अठराव्या शतकातल्या फ्रेंच धूमकेतू-शोधकाच्या यादीतले ११० तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे दूरचे अवाढव्य समूह) एका रात्रीत पाहायच्या. त्यासाठी विषुववृत्तापासून फार लांब नसलेली उत्तरेकडची जागा सोयीची पडते आणि नागपूर त्या पट्ट्यात बसतं.

नक्षत्रं ओळखता येत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी पौर्णिमेचा चंद्र वापरावा. त्या रात्री चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो आणि मराठी महिना ज्या नक्षत्राचा, त्याच्या जवळपास तो उभा असतो. चैत्री पौर्णिमेला चित्रेपाशी, त्रिपुरीला कृत्तिकांपाशी, माघीला मघेपाशी. भिंतीवरची दिनदर्शिका तारकानकाशा म्हणून अशी चालते. फक्त पौर्णिमेच्या उजेडात बारीक तारे बुडतात, तेव्हा चंद्राची जागा लक्षात ठेवायची आणि सात-आठ दिवसांनी तिथले तारे पाहायचे. कोजागिरीला मसाला दुधाबरोबर दुर्बीण घेऊन बसणाऱ्यांसाठीही एक सूचना: पूर्ण चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो, कारण त्यावर ऊन समोरून पडतं आणि सावल्याच नसतात. चंद्रावरची विवरं पाहायची तर अष्टमी गाठा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडांच्या सावल्या लांब पडतात आणि खोली डोळ्याला कळते.

एकवीस अंशांचा फायदा

नागपूर २१ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा इथे क्षितिजापासून २१ अंश उंच दिसतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे उत्तरेला दोन मुठी मोजा, ध्रुव तिथे. तो फार तेजस्वी असतो अशी बऱ्याच जणांची समजूत असते आणि मग ते भलत्याच ताऱ्याला ध्रुव म्हणतात. तो मध्यम तेजाचा आहे. त्याचं मोठेपण न हलण्यात आहे.

ध्रुव जितका खाली, तितकं दक्षिणेचं आकाश जास्त उघडतं. त्रिशंकूचा खालचा तारा नागपुरातून जेमतेम सहा अंश वर येतो, वरचा बारा अंशांपर्यंत. मेच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो, पतंगासारखा किंचित कललेला. त्याच्या डावीकडे थोड्या वेळाने नरतुरंग या तारकासमूहातले मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे येतात. त्यातला मित्र आपल्यापासून फक्त ४.४ प्रकाशवर्षांवर आहे. सूर्य सोडला तर नुसत्या डोळ्यांना दिसणारा हाच सगळ्यात जवळचा तारा. आणि त्रिशंकूच्या वर, क्षितिजापासून पुन्हा दोन मुठींवर, एक अंधूक तारा दुर्बिणीतून कापसाच्या बोळ्यासारखा पसरट दिसतो. तो तारा नाहीच. ओमेगा सेंटॉरी नावाचा तो तारकागुच्छ आहे, त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत आणि तो साधारण १७,००० प्रकाशवर्षं दूर आहे. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांच्या नशिबी हा गुच्छ नाही. नागपुरात मे महिन्यात गच्चीवर झोपणाऱ्यांच्या तो नजरेसमोर असतो.

याच २१ अंशांमुळे दिवसाही एक गंमत घडते. २६ मे आणि १७ जुलैच्या सुमारास भरदुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी गडप होते. मेमध्ये ही वेळ बाराऐवजी साधारण १२ वाजून १० मिनिटांची असते, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावरची आहे आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला येतं. जुलैतल्या दिवशी बहुधा ढगच असतात.

हवा, धूळ, धूर

आकाश चांगलं आहे म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. हवा किती पारदर्शक आहे ही एक, आणि ती किती स्थिर आहे ही दुसरी. पारदर्शक हवेत अंधूक तारे, आकाशगंगा, दीर्घिका दिसतात. स्थिर हवेत ताऱ्यांचं लुकलुकणं कमी होतं आणि दुर्बिणीतून गुरूचे पट्टे, शनीची कडी रेखीव दिसतात. दोन्ही एकाच रात्री मिळतील असं नाही.

नागपुरात सगळ्यात पारदर्शक आकाश परतीचा पाऊस संपल्यानंतरचं. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते आणि थंडीचा धूर अजून साचायचा असतो. सर्वपित्री अमावस्येला ढगांनी दया केली, तर संध्याकाळी साडेसात-आठला नैर्ऋत्येला आकाशगंगेचा मध्य पाहून घ्यावा. पोळ्याची अमावस्या ढगांत जाते आणि लक्ष्मीपूजनाची फटाक्यांच्या धुरात, म्हणून मधलीच काय ती कामाची. त्याच दिवसांत, रात्र थोडी चढली की ईशान्येकडून देवयानी नावाची तारकाकृती वर येते. तिच्यातली दीर्घिका अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांना धुरकट डागासारखी दिसते. तिचा उजेड आपल्याकडे यायला २५ लाख वर्षं लागतात. नुसत्या डोळ्यांनी सहज पाहता येणारी सगळ्यात दूरची वस्तू ती हीच.

हिवाळ्यात तारे तेजस्वी वाटतात ते थंडीमुळे नव्हे, तर त्या बाजूला तेजस्वी तारेच जास्त आहेत म्हणून: व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय, प्रश्वा, मृगातले दोन, पुनर्वसूचे दोन. शहरात मात्र डिसेंबर-जानेवारीत थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर तिच्यात अडकतो. क्षितिजाकडचं सोडून द्यायचं आणि वरचं पाहायचं. १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुनेतला उल्कावर्षाव यासाठी उत्तम, कारण मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावरून होतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीमुळे होतात. याचा उगम फेथन नावाच्या लघुग्रहात आहे. बातम्यांमध्ये तासाला १२० उल्का असं छापून येतं आणि लोक चौकात उभे राहून निराश होतात. तो आकडा अगदी काळ्याकुट्ट आकाशासाठी आणि उल्का आकाशात जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा थेट माथ्यावर आहे असं धरून काढलेला असतो. शहरातून त्याचा छोटासा हिस्सा मिळतो. सतरंजी, रजई आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत, एवढी तयारी पुरे. ऑगस्टातला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव मध्य भारतात ढगांना दिलेला आहे. त्याच्यासाठी झोपमोड करू नये.

उन्हाळ्यात दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडत राहते आणि ती वर जाणारी हवा ताऱ्यांना नाचवते. दुर्बिणीतून ग्रह पाहायचे असतील तर मध्यरात्र उलटू द्यावी. वळवाची सर येऊन गेली, की दुसऱ्या रात्री मात्र धूळ बसलेली असते आणि वृश्चिकाची नांगी क्षितिजापर्यंत स्पष्ट उतरलेली दिसते. सप्तर्षीही याच दिवसांत संध्याकाळी उत्तरेला उंच असतात. आपल्याकडच्या गावांत त्यांना बाज आणि तीन चोर म्हणतात: चौकोन ही म्हातारीची बाज आणि शेपटातले तिघं ती पळवणारे चोर. विदर्भातल्या गोंडांच्या आकाशातही ही बाज आहे, आणि मृगाच्या जागी त्यांना नांगर दिसतो. शेपटातल्या मधल्या चोराला नीट पाहिलंत तर त्याच्या कुशीत एक बारीक जोडीदार आहे. वसिष्ठ आणि अरुंधती ते हेच. लग्नात नवरानवरीला अरुंधती दाखवतात, पण मंगल कार्यालयाच्या लायटिंगमधून ती कुणालाच दिसत नाही.

दिव्यांपासून कोणत्या बाजूला पळायचं

अंधारात डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरी तयारी डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींची असते. त्यांच्यातलं उजेड टिपणारं रसायन पुन्हा भरायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झळेने सगळं पाण्यात जातं. लाल उजेडाचा त्यांच्यावर फार परिणाम होत नाही. टॉर्चवर संक्रांतीच्या पतंगाचा लाल कागद दोन-तीन घड्या करून बांधला की काम भागतं. अंधूक वस्तूकडे थेट न पाहता जराशी बाजूला नजर ठेवायची, कारण डोळ्याच्या अगदी मधोमध दंडपेशी नसतात. देवयानीचा डाग अशाने एकदम उठून दिसतो. आपल्या गच्चीची परीक्षा कृत्तिकांवर करा. चार-पाच तारे दिसले तर शहर, सहा-सात दिसले तर बरं चाललंय, त्याहून जास्त दिसले तर तुम्ही शहराबाहेर आहात.

बाहेर जायचं तर दिशा आधी ठरवावी. शहराचा उजेड पाठीमागे राहायला हवा. त्रिशंकू आणि ओमेगा सेंटॉरी पाहायचे असतील तर शहराच्या दक्षिणेला, उमरेडच्या बाजूला जा. रामटेकहून दक्षिणेकडे पाहिलं तर अख्खं नागपूर मधे चमकत असतं. देवयानी, शर्मिष्ठा, सप्तर्षी यांच्यासाठी उलट रामटेक, खिंडसीकडे. त्याहून पुढे पेंच. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतात पहिली. त्यासाठी सिल्लारीसारख्या बफर क्षेत्रातल्या गावांमधले शंभराहून जास्त दिवे खाली तोंड करणारे बसवले गेले. रस्ता तितकाच उजळतो, आकाश तेवढं सुटतं. हे आपल्या कॉलनीतही करता येण्यासारखं आहे, पण आपल्याकडे हायमास्ट म्हणजे विकास. जंगलाच्या कडेला रात्री स्वतःहून गाडी थांबवून उभं राहू नये; वाघाला तारे बघायचे नसतात.

ग्रह थोडक्यात. लुकलुकत नाही आणि तेजस्वी आहे, तो बहुधा ग्रह. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे १२ वर्षं लागतात, म्हणून तो दर वर्षी एक रास पुढे जातो आणि सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो. शनीला साडेएकोणतीस लागतात, एका राशीला अडीच वर्षं. तीन राशींची झाली साडेसात. साडेसातीत तेवढा भागाकारच पक्का आहे. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे काठ करून होती, जवळजवळ नाहीशीच. तिथून पुढे ती वर्षागणिक उघडत जाते.

पहिली खरेदी टेलिस्कोपची करू नका. खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेलं असेल तर मुळीच नाही. महत्त्व पटीला नसतं, भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाला असतं. उजेड गोळा करायचं काम त्याचं. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण, घ्या. पहिला आकडा पटीचा, दुसरा भिंगाच्या मिलिमीटरचा. तिच्यातून कृत्तिका डझनावारी तारे देतात, मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ धुक्यासारखा दिसतो, गुरूचे चार चंद्र एका रेषेत सापडतात आणि रोज जागा बदलतात. हात थरथरतात, म्हणून कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवायचे किंवा प्लास्टिकच्या खुर्चीत मागे रेलून बसायचं. स्टेलेरियम हे मोफत ॲप लाल पडद्यावर ठेवा, त्यात जागा नागपूर भरा. सुरुवातीला रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणातला एखादा खेळ पाहून घ्या. तिथे सांगितलेल्या दिशा त्याच रात्री घरी ताडून पाहता येतात. यानंतरही हौस टिकली तर सहा इंची आरशाचा डॉब्सोनियन जातीचा टेलिस्कोप बघा. त्याला मोटार नसते, तो हाताने ढकलावा लागतो, आणि तो तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत रोज कोण चढवणार, हे विकत घेण्याआधीच घरात ठरवून घ्या.